भविष्यसाहेब आणि रातकिड्यांची बिस्किटं

अळीला बोटही न लावता अळीवर दोन तास बोलू शकणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. आम्ही त्यांना भविष्यसाहेब म्हणायचो, कारण त्यांचं दर तिसरं वाक्य 'हे भविष्य आहे' असं संपायचं. नागपुरात हिंगण्याच्या रस्त्यावर त्यांची पत्र्याची शेड होती. तिथे बाजारातला सडका भाजीपाला यायचा, तो खाऊन काळ्या माशीच्या अळ्या फुगायच्या आणि त्या वाळवून आम्ही कोंबड्यांचं नि तळ्यातल्या माशांचं खाद्य करायचो. मागच्या खोलीत रातकिडे वाढत. ते भाजून, दळून त्यांच्या पिठाची बिस्किटं व्हायची, ती माणसांसाठी. मी प्राणिशास्त्र शिकलेली. त्यांचं एक भाषण ऐकून कॉलेजच्या प्रयोगशाळेतली बरी नोकरी सोडली आणि तिथे गेले. आवाज गोड होता त्यांचा, हे कबूल करायला हवं.

शेडमध्ये यायचे तेव्हा नाकावर अत्तर लावलेला रुमाल. दारातून आत चार पावलं, त्यापुढे नाही. तिथूनच विचारायचे, "कशी आहेत आपली मुलं?" मुलं म्हणजे अळ्या. एका मे महिन्यात पत्रा तापून अळ्या मरायला लागल्या. मी आणि शेडमध्ये कामाला असलेली वेणूबाई भिजवलेली गोणपाटं छतावर टाकत होतो. साहेबांनी गाडीची काच दोन बोटं खाली केली आणि आतल्या गारव्यातून म्हणाले, "त्यांच्याशी नातं जोडा, मॅडम. त्यांना कळतं."

लोकांना किळस येते याचा त्यांना भारी तिरस्कार. "घाण किड्यात नसते, डोक्यात असते," असं ते प्रत्येक पाहुण्याला सुनवायचे. नाक मुरडणाऱ्यांच्या जिभेला ते 'मागासलेली जीभ' म्हणत. स्वतःचा डबा मात्र ते गाडीत बसून, काचा लावून खायचे.

शेडमधली खरी जाणकार वेणूबाई. गडचिरोलीकडची, लग्न करून नागपूरला आलेली. ट्रेवर नुसता तळवा फिरवून ओल कमी की जास्त ते सांगायची, आणि माझं यंत्र मागाहून तेच सांगायचं. एकदा माहेराहून तिनं लाल मुंग्यांची चटणी आणली. साहेबांसाठी वेगळी डबी भरली होती.

"घ्या जी साहेब. आमच्याकडं तापातून उठलेल्याले देतेत."

साहेब दोन पावलं मागे सरकले. "अहो बाई, हे जंगलातल्या लोकांचं खाणं. आपलं विज्ञान आहे."

वेणूबाईनं डबीचं झाकण लावलं आणि ट्रे हलवायला गेली. मी वहीत ओलीचे आकडे लिहीत राहिले.

मग सीताबर्डीच्या एका हॉटेलात साहेबांनी सभा ठेवली. कुक्कुटपालनवाले, दोन-चार प्राध्यापक, पेपरवाले. बिस्किटांचं ताट धरायला वेणूबाईला नवी साडी नेसून यायला सांगितलं होतं. साहेब रंगात आले होते. बोलून झाल्यावर पुढच्या रांगेतला एक म्हातारा कोंबडीवाला उठून म्हणाला, "साहेब, पहिले तुमी खा, मंग आमी."

टाळ्या पडल्या. साहेबांनी हसत बिस्किट उचललं, पडद्यावरचं काहीतरी दाखवायला वळले आणि तोंड पुसत परत फिरले. "उत्तम!"

वेणूबाई त्यांच्या शेजारीच उभी होती. तिच्या मनात काही वाकडं नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन. तिला वाटलं, साहेब घरी पोरांसाठी नेत असतील.

"साहेब, खिशात काहून टाकून राहिले जी? लय हायेत ना अजून. खा ना."

माइक चालू होता. सगळा हॉल हसला. कोंबडीवाला तर खुर्ची धरून हसला. वेणूबाई गोंधळली, आणि काही चुकलं असेल तर सावरावं म्हणून तिनं स्वतः एक बिस्किट घेतलं नि सगळ्यांसमोर खाल्लं. त्या दिवशी त्या हॉलमध्ये विज्ञान कुणी केलं असेल, तर तिनं.

साहेब गाडीपर्यंत हसतमुख होते. दार लावताना मला म्हणाले, "वेणूबाईंना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगा. तुम्ही बाई आहात, तुम्ही नीट सांगाल." एवढं सांगण्याचीही हिंमत त्या माणसात नव्हती.

आठ महिन्यांनी शेड बंद पडली. साहेब पुण्याला गेले. हल्ली समुद्रातल्या शेवाळावर बोलतात म्हणे. बोलू देत. त्यांची कीव करायलाही मला आता कंटाळा येतो. पण त्यांची आठवण निघाली की मला साहेब दिसत नाहीत, सभेच्या त्या संध्याकाळी वेणूबाईच्या दारात उभी असलेली मी दिसते.

ती नवी साडी बदलून भांडी घासत होती. मी सांगितलं. सांगता सांगता मलाच रडू फुटलं.

"तुमी काहून रडून राहिल्या मॅडम?" ती म्हणाली. "काम तं माहं गेलं."

तिनं हात धुतले, पदराला पुसले.

"तुमी जाल ना उद्या?"

मी खाली बघत "हो" म्हटलं.

"जा मंग. गेल्याबरोबर खिडकीजवळच्या ट्रेवर पाणी शिंपडजा. आज कोनीच नव्हतं तिथं, मरतीन त्या."

दुसऱ्या दिवशी मी वेळेवर गेले आणि पाणी शिंपडलं.