मोठ्या जावयाची बिनपट्टीची टाकी

तमाम जनतेस, आणि त्यातही जावई या पदावर कार्यरत असलेल्या सर्व पुरुषांस, अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, चार फूट लांब आणि दोन फूट उंच अशा काचेच्या टाकीला वरच्या कडेला पट्टी लावली नाही, तर ती फुटते. लगेच फुटत नाही. आधी सगळ्यांना जेवू देते.

हे मला ठाऊक होतं, कारण अमरावतीला माझ्या घरी मी माशांची टाकी स्वतःच्या हातानं केली होती. पहिल्यांदा पाणी भरलं तेव्हा समोरची काच मधोमध पोटासारखी पुढे आली. मी पाणी उपसलं आणि काचवाल्याकडे गेलो. तो म्हणाला, "पानी काचेले बाहेर ढकलते साहेब. तिले वरून कोनीतरी धरून ठेवा लागते." मग मी दोन्ही लांब काचांना वरच्या कडेला आतून दोन-दोन इंची पट्ट्या चिकटवल्या आणि मधोमध एक आडवी पट्टी टाकून पुढची काच मागच्या काचेला बांधून टाकली. सिलिकॉनचा आंबट वास आठवडाभर घरात होता. बायको लोणच्याच्या बरण्या उघडून पाहायची. टाकी आजही भक्कम उभी आहे. दिसायला मात्र, खोटं कशाला बोलू, अगदी गावंढळ.

अकोल्याचे आमचे साडू, म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान, कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतात. ते आमच्याकडे आले, टाकीभोवती एक फेरी मारली आणि भरल्या बैठकीत म्हणाले, "साडूभाऊ, टाकी बनवली का खाट? अन् हे सिलिकॉन कसं लावलं जी, हात मोडल्यावर पलस्तर लावते तसं?"

सगळे हसले. बायको तर डोळे पुसेपर्यंत हसली. मीही हसलो, आणि ते वाक्य भारी लुगड्यासारखं ट्रंकेत घालून ठेवलं, योग्य प्रसंगी घडी मोडायला.

प्रसंग दोन वर्षांनी आला. आमचे सासरे निवृत्त शिक्षक, अकोल्यात एकटेच राहतात. सासूबाई जाण्याआधी त्यांनी हौसेनं ऑस्कर जातीचा एक मासा आणला होता. आणला तेव्हा अंगठ्याएवढा होता. पुढे तो वीतभराहून मोठा झाला, काळाभोर, अंगावर निखाऱ्यासारखे डाग. जुन्या टाकीत त्याला नीट वळताही येईना. वळताना शेपटी काचेला घासायची आणि तिची कड झडत चालली होती. सासरे खाकरले की तो काचेशी येऊन थांबायचा. रोज सकाळी ते त्याच्याजवळ खुर्ची टाकून पेपर मोठ्यानं वाचत. मला एकदा म्हणाले, "आधी तिले वाचून दाखवत होतो. आता हा आयकते. हा मधात बोलत नाही, एवढाच फरक."

तर त्या माशासाठी मोठी टाकी हवी होती, आणि साडूंनी जाहीर केलं की ती ते स्वतः बनवणार, धोंड्याच्या महिन्यात. या महिन्यात एरवी सासऱ्यानं जावयाला अनारसे आणि वाण द्यायचं असतं. यांनी उलटं सासऱ्यालाच वाण द्यायचं ठरवलं.

घरच्या ग्रुपवर फोटो आले. मी बोटांनी मोठे करून पाहिले. काच आठ मिलिमीटरची. सांधे रेखीव, एक ओघळ नाही. आणि वर पट्टी नाही, मधे नाही, कुठेच नाही. खाली साडूंनी लिहिलं होतं, "पाण्याचा दाब उंचीवर ठरतो, लांबीवर नाही. सबब पट्टीची गरज नाही. वरून पाहिलं की नदी दिसली पाहिजे." यातलं पहिलं वाक्य खरं आहे. पण लांब फळी मधे वाकते हे हमालालाही कळतं, आणि काच तर वाकायला फार राजी नसते. मी "पट्टी" असं टाइप केलं. मग ते खोडलं आणि अंगठा पाठवला.

धोंड्याच्या जेवणाच्या दिवशी आम्ही नवरा-बायको अमरावतीहून गाडीनं निघालो. मूर्तिजापूर येईपर्यंत मी तिला सगळं रंगवून सांगितलं. काच कुठून जाईल, साडूंचा चेहरा कसा होईल, मी कोणत्या आवाजात हळहळेन. तालीमच केली.

"मंग त्यायले सांगा ना फोन करून," ती म्हणाली.

"जावयाच्या कामात जावयानं बोलू नये."

"अन् बाबाचा मासा?"

"घरात बकेटा नाहीत काय?" मी म्हणालो. माशाचा विचार मी केला नव्हता असं कोणी म्हणू नये. केला होता, तो एवढा होता.

अकोल्याला पोचलो. बाहेर ऊन मी म्हणत होतं, आत कूलर घरघरत होता. टाकी आदल्या दिवशी भरून, मासा आत सोडून झाला होता. आणि काय सांगू, देखणी होती. मासा या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचा, सावकाश वळायचा, आणि वळताना शेपटी कशालाच लागत नव्हती. जुनी टाकी साडूंनी अंगणात नेऊन, माती भरून तिच्यात मनीप्लांट लावला होता. मी नव्या टाकीसमोर उभा राहिलो. ट्यूबलाइटचं प्रतिबिंब काचेत पडलं होतं. ट्यूबलाइट सरळ होती. प्रतिबिंब धनुष्यासारखं वाकलेलं होतं.

तेवढ्यात सासऱ्यांनी मला खुणेनं ओसरीवर बोलावलं. आमच्याकडे जावयाच्या कामात सासरा खोट काढत नाही. जावई चुकीच्या रेल्वेत बसला तरी सासरा फलाटावरून हात हलवतो. ते आवाज खाली करून म्हणाले, "इथला काचवाला म्हनत होता जी, वरून पट्टी लावा लागते. मोठ्या जावयाले म्या काही म्हनलं नाही. बरं दिसत नाही ना. तुमी या कामातले आहात. तुमाले कशी वाटते?"

हात जोडलेले नव्हते, पण आवाज जोडलेल्या हातांचा होता. मी म्हणालो असतो, मामाजी, अर्धं पाणी आत्ता काढा, तर गोष्ट तिथंच संपली असती. पट्टी संध्याकाळपर्यंत कापून आली असती.

"मजबूत आहे मामाजी," मी म्हणालो. "भौतिकशास्त्राचा माणूस आहे. आपण काय बोलावं?"

त्यांचा चेहरा सुटला. "तुमी म्हनता तं मंग काही चिंता नाही," म्हणाले, आणि आत जाऊन माशाजवळ बसले.

जेवणं झाली. धोंडे झाले, अनारसे झाले. साडूंनी मला आग्रहानं दोनदा तूप वाढलं, म्हणाले, "घ्या साडूभाऊ, तुमची खाट काय म्हनते?" मी म्हणालो, "उभी आहे." मग फोटो काढायचं ठरलं. फोटोत पाणी काठोकाठ दिसावं म्हणून साडूंनी आणखी दोन घागरी ओतल्या. सासऱ्यांना टाकीपुढे खुर्चीवर बसवलं. साडू मागे, टाकीच्या कडेवर हात ठेवून. मी मुद्दाम दाराजवळ उभा राहिलो, कोरड्या जागी.

आवाज मोठा झाला नाही. कपाशीची वाळकी पऱ्हाटी मोडावी तेवढाच. समोरची काच वरपासून खालपर्यंत चिरली आणि सगळं पाणी एकदम सासऱ्यांच्या मांडीवर आलं. मासा त्यांच्या पायावर आपटून काचांवरून घसरत दिवाणाखाली गेला. सासरे त्या काचांतच गुडघ्यांवर बसले, हात घालून त्याला ओढून काढलं. एका बाजूनं तो उभा फाटला होता. माझ्या बायकोनं धावत जाऊन न्हाणीतली भरली बकेट आणली. त्यांनी त्याला तिच्यात सोडलं. कल्ले दोनदा उघडले. मग तो आडवा झाला.

सासरे बकेटीवर वाकले आणि खाकरले. मासा हलला नाही. ते पुन्हा खाकरले.

साडू तसेच उभे होते, हात हवेत, जिथं टाकीची कड होती तिथं. दोन वर्षं ज्या चेहऱ्याची मी वाट पाहिली तो हाच होता, आणि कबूल करतो, मी तो पोटभर पाहून घेतला. सासऱ्यांनी वर बघून त्यांना एवढंच म्हटलं, "जावईबापू, चपला घाला. पायाले काच लागंन."

आता माझी पाळी होती. मी दोन पावलं पुढे आलो, साडूंच्या खांद्यावर हात ठेवला आणि तालमीतल्याच आवाजात म्हणालो, "असं होईन हे कोनाच्या ध्यानीमनी तरी होतं का हो?"

बायको बकेट धरून खाली बसली होती. तिनं मान वर केली.

"पन तुमी तं मले गाडीतच सांगतलं होतं, टाकी आज फुटते म्हनून."