डबीच्या झाकणाला शेंदूर

माधवनगरच्या शेडमधली भट्टी मी उभी केली, पण सांभाळतात साताऱ्याकडचे एक निवृत्त सुभेदार. तापमान तासाला दोन अंशांनी उतरवत दिवसचे दिवस बसायची चिकाटी माझ्यात नाही, त्यांच्यात आहे. तिथे आम्ही टोपोलॉजिकल पदार्थांचे स्फटिक वाढवतो. अभ्रकासारखे थराथरांचे, पृष्ठभागावरून वीज वेगळ्याच शिस्तीत नेणारे. दिवाळीनंतरचा एक स्फटिक खूप थंड केला आणि त्याचा रोध शून्य झाला. अतिवाहकता! आता चुंबकीय क्षेत्रात ती किती टिकते ते बघायला मी बाहेरगावच्या मोठ्या प्रयोगशाळेत निघाले होते. आमच्याकडे तेवढा मोठा चुंबक कुठला?

निघायच्या आदल्या दिवशी, ज्यातून तो स्फटिक वाढवला त्या कच्च्या धातूची डबी उघडली. झाकणाला आतून केशरी बोट उमटलेलं.

“सुभेदार, हा शेंदूर?”

“आवं मॅडम, खंडेनवमीला लावला की! भट्टीला, तराजूला, डबीला. हत्यारं पुजायची न्हाईत व्हय?”

“आतून?”

“घाईत बोट गेलं आसंल. लय न्हाई.”

शेंदरात शिसं असतं. शिसंही थंडीत अतिवाहक होतं, आणि नेमकं आमच्या स्फटिकाच्याच आसपासच्या तापमानाला. म्हणजे मी मोजलं ते कदाचित शिसंच. तीन वर्षांची मेहनत बोटभर शेंदरापाशी येऊन अडली.

प्रयोगशाळेत चुंबक सांभाळणाऱ्या बाईंना मी पोचल्या पोचल्या सगळं सांगून टाकलं. त्या हसल्या. “मग सोपं आहे. चुंबकीय क्षेत्र एका टेस्लाच्या दहाव्या भागाएवढं झालं की शिसं हार मानतं. चढवू या चुंबक.”

अर्धा टेस्ला. पडद्यावरची रोधाची रेघ शून्यावर. पाच. शून्यावरच. शिसं नव्हतं ते! मी खुर्चीतून उठले. या तापमानाच्या नेहमीच्या अतिवाहकाने फार तर बाराच्या आसपास मान टाकायला हवी. बारा झाले, चौदा झाले, रेघ ढिम्म.

“चुंबक चालू आहे ना?”

“स्फटिक तुम्हीच फिरवून बघा.”

क्षेत्र थरांच्या रेषेत होतं. मी स्फटिक आडवा वळवला. रेघ उसळून वर! म्हणजे चुंबक चालूच होता. परत सरळ केला, शून्य. पाच वेळा केलं.

सुभेदारांना फोन लावला. “शिसं नाही! पण एका स्फटिकावर कोणी विश्वास ठेवणार नाही. नवा धातू घ्या आणि उद्याच भट्टी लावा.”

“तुमी एस्टीत बसला तवाच लावलीया,” ते म्हणाले. “नवी डबी फोडून. अन् आता फोन ठेवा, तापमान बघायचंय.”