नटावरची पांढरी रेघ

आमच्या ट्रॅक्टरच्या आणि ट्रॉलीच्या प्रत्येक नटावर पांढरी रेघ होती. नटावरून निघून खालच्या पत्र्यावर उतरलेली, बोटाच्या पेराएवढी. नट आवळून झाला की बाबा बारीक ब्रशाने ती ओढायचे. गाडी दिवसभर हादरे खाते, नट कणाकणाने फिरत सुटत जातो. तो फिरलेला नुसत्या डोळ्यांना कळत नाही, पण रेघेचे दोन तुकडे होतात, एक नटावर आणि दुसरा पत्र्यावर, एकमेकांना न जुळणारे. तसं दिसलं की पाना घ्यायचा. याला अक्कल लागत नाही, रोज सकाळी वाकायचा कंटाळा नसला म्हणजे झालं, असं बाबा म्हणायचे. रेघा बघितल्याशिवाय चहा नाही, हा त्यांचा नियम. तो त्यांच्यापुरता आणि दादापुरता असता तर माझी हरकत नव्हती. पण बाबांचा कप भरल्याशिवाय आमच्या घरात दुसरा कप भरला जात नसे, त्यामुळे ट्रॉलीचे नट तपासून होईपर्यंत मी आणि आईही चुलीपाशी ताटकळत बसायचो.

बाबा मुळात यंत्रातले नव्हेत. आगाशीजवळ आमची वाडी होती, पानवेलीची आणि फुलांची. पानवेल वाढेल तशी आधाराला बांधत जावी लागते, चार दिवस दुर्लक्ष केलं की ती लोळते. बाबांनी अर्धं आयुष्य ते बांधण्यात घालवलं होतं. मग बावखलाचं, म्हणजे वाडीतल्या तळ्याचं, पाणी मचूळ व्हायला लागलं. आधी पानवेल गेली, मग मोगरा. झेंडू तेवढा तग धरून राहिला. ते नव्वदनंतरचे दिवस. विरारपासून खाली नायगावपर्यंत जिथे तिथे इमारती उठत होत्या आणि त्यांच्या पायाखाली घालायला माती हवी होती. बाबांनी जुना ट्रॅक्टर आणि ट्रॉली घेतली. नाकापेक्षा मोती जड, असं आई म्हणाली आणि तिने दारात आलेल्या ट्रॅक्टरला ओवाळलं.

फुलपाड्यापलीकडच्या डोंगराची माती भरायची आणि नायगावला खाडीकाठी ओतायची, हे दादाचं काम. वाटेत कुणाकुणाची बावखलंही बुजवायची. ज्या पाण्यावर आमच्या तीन पिढ्या जगल्या तेच बुजवायला आमची ट्रॉली जात होती. बाबांना ते कळत नव्हतं असं नाही, पण त्या विषयावर आमच्या घरात बोलायची सोय नव्हती. त्याऐवजी ते नटांबद्दल बोलायचे. कुठे स्प्रिंगचा वायसर घालायचा, कुठे नटावर दुसरा नट चढवायचा, कुठे बोल्टाला भोक पाडून तार ओवायची. जेवतानासुद्धा हेच. मी चिडायचे. वहिनी नवी होती, ती ऐकून घ्यायची.

त्या वर्षी घरात सगळं बरं चाललं होतं. वहिनीला दिवस गेले होते. कामं सलग मिळत होती. दसऱ्याला ट्रॅक्टर धुऊन त्याला हार घालायचा हा नेहमीचाच शिरस्ता, पण बाबांनी त्या खेपेला ट्रॉली पुरी रंगवायची ठरवली. समुद्राच्या हवेने पत्रा खाल्ला होता आणि नातवंडाच्या आधी घर नीटनेटकं करावं तशी त्यांना ती नीटनेटकी करायची होती. हौसेला मोल नसतं, असं म्हणतात. मला ती म्हण आता ऐकवत नाही.

वरवर ब्रश फिरवणं बाबांच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी ट्रॉली विटांवर चढवली, दोन्ही चाकं उतरवली, त्यांच्या डिस्का, म्हणजे मधल्या लोखंडी थाळ्या, आतून बाहेरून लाल केल्या, चाक जिथे बसतं तो ड्रमही लाल केला. गंज आत शिरू नये म्हणून एकावर एक जाड हात दिले. दादा म्हणाला होता, आतल्या बाजूला कशाला, तिथे कोण बघतंय. देव बघतो, असं बाबांनी सांगितलं. आश्विनातली दमट हवा, रंग वाळता वाळेना. खंडेनवमीला दुपारी त्यांनी चाकं परत बसवली, कारण पूजेला गाडी स्वतःच्या पायावर उभी पाहिजे. पान्याला लांब पाइप लावून, त्यावर स्वतःचा भार टाकून त्यांनी नट आवळले आणि नटांवरही लाल हात फिरवला. रेघा मात्र ओढल्या नाहीत. ओल्या रंगावर पांढरं फिसकटेल, दसरा झाला की ओढू, असं ठरलं.

दसऱ्याला ट्रॉली इतकी देखणी दिसत होती की आळीतले लोक सोनं द्यायला म्हणून यायचे आणि ट्रॉलीपाशीच थांबायचे. मी हुडावर कुंकवाचं स्वस्तिक काढलं. आमच्याच वाडीतल्या झेंडूचा हार चाकांनासुद्धा घातला. बाबा एवढे खुशीत मी पूर्वी पाहिले नव्हते आणि नंतर तर नाहीच.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी कामावरून निरोप आला म्हणून रेघा ओढायच्या आधीच दादा सकाळी निघाला. दुपारपर्यंत त्याने खेपा केल्या. मग भरलेल्या ट्रॉलीचं उजवं चाक उतारावर निखळलं. ट्रॉली कलंडली, तिच्या जोडाच्या दांड्याने ट्रॅक्टर पिळवटला, दादा खाली फेकला गेला आणि त्याच्या पायावर मातीसकट ट्रॉली आली. मुंबईच्या सरकारी दवाखान्यात त्याचा पाय गुडघ्याच्या वरून काढला. तो पंचविशीतला होता. वहिनी पोटावर हात ठेवून बाकावर बसली होती.

लोक भेटायला यायचे आणि परतताना तेच बोलायचे. नवं लग्न, लक्ष ठिकाणावर नसणार. नट बघितले नसतील. परके बोलतात त्याचं मला काही वाटलं नाही. पण एकदा दवाखान्याच्या जिन्यात बाबाही म्हणाले, बघायला पाहिजे होतं त्याने, रेघ नसली म्हणून काय झालं, डोळे होते ना. मला त्यांचा असा संताप आला की मी दोन दिवस त्यांना जेवायला वाढलं नाही. आपलेच दात, आपलेच ओठ, म्हणून आईने मला गप्प केलं. दादाच्या कानावर हे सगळं जात होतं. तो भिंतीकडे तोंड करून पडायचा.

तो घरी आला त्यानंतर थोड्या दिवसांनी मोडकी ट्रॉली अंगणात आणून टाकली. बाबा तिचं शाबूत राहिलेलं डावं चाक काढायला बसले. मी ओट्यावर तांदूळ निवडत होते. बाबांनी नटाला पाना लावला आणि लगेच बाजूला ठेवला. नट बोटांनीच फिरत होता. दुसराही तसाच, तिसराही. ज्या नटांवर ते अख्ख्या अंगाचा भार टाकून उभे राहिले होते, ते सगळे हाताने निघाले. त्यांनी चाक ओढून काढलं आणि डिस्कच्या आतल्या बाजूला अंगठ्याचं नख दाबलं. नख आत गेलं. एवढ्या दिवसांनीही तिथला लाल रंग दुधावरच्या सायीसारखा होता, वरून धरलेला आणि खाली मऊ. नटांखालून आणि डिस्कच्या कडेने तो दाबून बाहेर आला होता. जिथे लोखंडावर लोखंड बसायला हवं होतं तिथे रंग बसला होता. भार पडल्यावर तो चेपत गेला आणि त्याने मोकळी केलेली जागा चाकाला हलायला मिळाली. नट सैल पडायला आधी फिरावाच लागतो, असा आमचा सगळ्यांचा समज होता. हे नट जागच्या जागी सैल झाले होते; उजव्या चाकाचे मग हादऱ्यांनी निघूनच पडले असणार.

बाबा ते चाक मांडीशी धरून बसून राहिले. मी हाक मारली नाही. त्यांना काय कळलंय ते मलाही कळलं होतं, आणि खरं सांगायचं तर मला त्या क्षणी त्यांची दया आली नाही. बरं झालं, असंच वाटलं.

मग ते उठले, हात न धुता घरात गेले. दादा खाटेवर होता, वहिनी त्याच्या उशाशी. बाबा दारातच उभे राहिले. बाबांनी कोणाची माफी मागितलेली आम्ही कधी ऐकलेली नव्हती, ती कशी मागायची हे त्यांनाही माहीत नसावं.

"तुझं काय चुकलं नाय," ते म्हणाले. "मी आतून रंग लावला. त्याच्यावर चाक आवळलं. तुझा पाय माझ्या हातानं गेला."

दादा भिंतीकडून वळला.

"मी बघितलं होतं, बाबा," तो म्हणाला. "निघताना बघितलं, पहिली खेप टाकल्यावर पण बघितलं. नटांवरचा रंग कुठं फुटलेला नव्हता, म्हणजे नट फिरलेले नव्हते."

आम्ही कोणीच त्याला विचारलं नव्हतं. आईने नाही, मी नाही, बाबांनी तर नाहीच. तू बघितलं होतंस का, एवढा एक प्रश्न. त्याची बाजू घेऊन भांडणारी मीसुद्धा त्याने बघितलं नसणार असं धरूनच भांडत होते. वहिनी तेव्हा पहिल्यांदा रडली, मोठ्याने, आणि तिला कोणी थांबवलं नाही.

ट्रॅक्टर विकला. वाडीचा निम्मा तुकडाही पुढे गेला, तिथे आता इमारत आहे. दादाला मुलगी झाली. ती बसायला लागली त्या सुमारास त्याला लोखंडी गुडघ्याचा कृत्रिम पाय मिळाला आणि तो नाक्यावरच्या एका पानाच्या गादीवर बसायला जाऊ लागला. पान दुसरीकडून आणलेलं असायचं. पाय बरा चालायचा, पण चालून चालून गुडघ्याचा बोल्ट ढिला व्हायचा. एकदा मुलीला कडेवर घेऊन तो अंगणात चालत होता आणि गुडघा ऐन वेळी दुमडला. मुलीला लागलं नाही, त्याच्या हनुवटीला टाके पडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा बारीक ब्रश आणि पांढऱ्या रंगाची डबी घेऊन त्याच्या खाटेपाशी बसले. कृत्रिम पाय भिंतीला टेकवून ठेवलेला होता. त्यांनी बोल्टाभोवतीचं लोखंड फडक्याने कोरडं पुसलं, बोल्ट आवळला, आणि बोल्टावरून गुडघ्याच्या पट्टीवर एक रेघ ओढली. दादा बघत होता. मला वाटलं, तो आता ती डबी भिरकावून देईल. मी त्याच्या जागी असते तर दिली असती. पण रेघ वाळल्यावर त्याने पाय चढवला.

तेव्हापासून रोज सकाळी बाबा त्याच्यापुढे उकिडवे बसायचे, दादा लेंगा वर धरायचा, बाबा रेघ बघायचे आणि मग चहा व्हायचा. माझं लग्न झालं, मी नायगावला राहायला गेले. माहेरी आले की हे बघायला लागायचं आणि मी मुद्दाम न्हाणीत जाऊन बसायचे.

पुढे बाबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. ऑपरेशनला ते घाबरायचे, उद्या परवा करत टाळायचे. त्या दिवसांत मी एकदा माहेरी असताना ते नेहमीसारखे दादापुढे बसले. वाकून वाकून त्यांचं नाक गुडघ्याला लागायचं बाकी होतं. मी दादाच्या शेजारीच उभी होते. रेघ तुटलेली होती. दोन तुकडे, मला उभ्याने दिसत होते.

"बरोबर हाय ना रे?" बाबांनी विचारलं.

"बरोबर हाय, बाबा. जराही हललेली नाय," दादा म्हणाला.

बाबा गुडघ्यावर हात टेकून उठले आणि आत गेले. आईने त्यांच्यापुढे चहा ठेवल्याचा आवाज आला. दादाने उशीखालून पाना काढला, बोल्ट आवळला, आणि खिडकीतल्या डबीतला ब्रश घेऊन तुटक्या रेघेवरून नवी रेघ ओढली. मग मला खुणेनेच सांगितलं, बोलू नकोस.