टोलीचा टाइम

आमच्या कॉलनीतली माजी सैनिकांची संघटना सुरू झाली एका शिट्टीवर. खरंच! नव्वदीतली गोष्ट, मी पहिलीत होते. शाळेत जायला आम्हा पोरांना आग्रा हायवे ओलांडावा लागायचा आणि ट्रकवाले काही थांबायचे नाहीत. पप्पा तोफखान्यातून हवालदार म्हणून नुकतेच रिटायर होऊन आलेले, घरात बसून कंटाळलेले. एका सकाळी शिट्टी घेऊन सरळ हायवेवर जाऊन उभे राहिले. दुसऱ्या दिवशी शेजारचे सुभेदार काका आले, आठवड्याभरात अजून तिघं. पाच माणसं, एक शिट्टी, झाली संघटना! बोर्ड वगैरे फार नंतर लागला.

मग त्यांनी काय काय केलं विचारू नका. रक्तदान केलं, झाडं लावली (एका रेषेत, दोरी धरून), सिंहस्थात घाटावर हरवलेल्या म्हाताऱ्यांना सांभाळलं. आणि सगळीकडे वेळेच्या आधी. लग्नाला बोलावलं तर मांडववाल्याच्याही आधी हजर, आई तर वैतागायची.

मी बारावी झाले तेव्हा त्यांनी पोलीस भरतीसाठी मुलींची तयारी सुरू केली. आम्ही आठ जणी. पहाटे शाळेच्या ग्राउंडवर सुभेदार काका शिकवायचे. एरवी मराठी बोलणारा हा माणूस ग्राउंडवर पाय ठेवला की हिंदीत शिरायचा. त्यांचा एकच नियम, तोही हिंदीतच: टोली का टाइम मतलब आखरी आदमी का टाइम. म्हणजे अख्ख्या तुकडीचा वेळ तो शेवटच्या माणसाचा. कोणी मागे राहिलं तर सगळ्यांनी थांबायचं आणि तिला घेऊनच पुढं जायचं.

आखरी आदमी कोण? मीच की!

माझ्यासाठी सगळ्यात जास्त थांबायची माझी मैत्रीण. मखमलाबादची, घरी शेवंतीची शेती. पहाटे फुलं तोडून, सायकल हाणत यायची आणि तरी हरणासारखी पळायची.

पहिल्या वर्षी भरतीला आम्ही आठही जणी एका रांगेत, पावलाला पाऊल लावून, एकदमच पोचलो. घड्याळवाले साहेब हसायलाच लागले. तिथं टोलीबिली काही नव्हतं, ज्याच्या त्याच्या वेळेला मार्क होते. आठही जणी माझ्या स्पीडनं पळाल्या आणि आठही जणी बाहेर.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी ग्राउंडवर जाणारच नव्हते. पप्पांनी ओढून नेलं. सुभेदार काका आमच्यासमोर सावधानमध्ये उभे राहिले आणि ग्राउंडवर असूनही चक्क मराठीत म्हणाले, "चूक माझी आहे. मी तुम्हाला लढाईचं शिकवलं, परीक्षेचं नाही."

त्याच आठवड्यात मैत्रिणीचे वडील आले. भला माणूस, पण लोक बोलत होते ना. म्हणाले, "सुभेदारसाहेब, अजून एक डाव देतो पोरीला. नाय जमलं तर दिवाळीनंतर लग्नाचा बार उडवून टाकू." काका म्हणाले, जमेल.

मग नवीन नियम आला, मागे बघायचंच नाही. ऐकायला सोपा, पण सवय जाते का? वर्षभर ती पळता पळता मान वळवायची आणि काका शिट्टी मारून ओरडायचे, "पीछे मुड़के नहीं देखना!" मी तर तिला सांगून टाकलं होतं, माझ्याकडे बघितलंस तर बोलणार नाही. तरी बघायचीच.

भरतीचा दिवस आला. फॉर्म सोबत भरलेले, म्हणून आम्ही दोघी एकाच बॅचमध्ये. पहिल्या फेरीत मी तिच्या जवळपास होते. दुसऱ्या फेरीत माझ्या पोटरीत गोळा आला आणि मी लंगडायला लागले. ती चांगली पुढं निघून गेली होती. तरी तिला कसं कळलं देव जाणे, तिनं मान वळवली आणि पाय हळू केले. मला समोर तिची दिवाळी दिसायला लागली. कुंपणाबाहेर पप्पा आणि काका होते, पण त्यांचा आवाज तिथवर पोचणार नव्हता.

मग मीच ओरडले. काकांच्या आवाजात, काकांच्या हिंदीत: "पीछे मुड़के नहीं देखना! तेज चल!"

आणि ती सुटली! वर्षभर त्या आवाजाची सवय होती, पाय आपोआप सुटले तिचे. सगळ्यांच्या पुढं जाऊन तिनं रेघ ओलांडली, टाइम लिहिला गेला. मी अजून अर्धी फेरी मागं, लंगडत. तेवढ्यात बघते तर ही उलटी पळत येतेय! साहेब ओरडत होते, कुठं चाललीस म्हणून. तिनं येऊन माझा दंड धरला आणि दात काढत म्हणाली, "माझं झालं ना आता? चल की, आखरी आदमी."

दोघी चालत पोचलो. कुंपणाबाहेर काकांनी कडक सॅल्यूट ठोकला. कुणाला, ते काही सांगितलं नाही.

दिवाळीनंतर ती ट्रेनिंगला गेली. तिच्या वडिलांनी आख्ख्या कॉलनीला शेवंतीचे हार वाटले. माझी भरती हुकली ती हुकलीच. पण काकांनी संघटनेत मला घ्यायला लावलं. युनिफॉर्म कधी न घातलेली पहिली मेंबर मी! आता पहाटे ग्राउंडवर शिट्टी माझ्याकडे असते, पप्पांची तीच, हायवेवाली. रेघ ओलांडेपर्यंत मागे बघायचं नाही, ओलांडली की परत जायचं. असे दोन्ही नियम मी शिकवते, आणि हिंदीतच.