भोंगा मामाची बिनआवाजाची बोट

माझ्या मामाला सगळा धक्का 'भोंगा' म्हणतो, आणि ते काही उगाच नाही. बावीस वर्षं तो या काठावरून त्या काठावर डिझेलची बोट चालवत आला. तिकिटं मामी फाडते, इंजिनाला खेटून बसून. त्या धडधडाटात बोलायचं म्हणजे बेंबीच्या देठापासून ओरडायचं. घरी जेवताना दोघं मीठही अशा आवाजात मागतात, की शेजाऱ्यांनी आपली बरणी पुढे करावी.

यंदा कानाच्या डॉक्टरांनी मामीला बजावलं, "इंजिनापासून लांब राहा, नाहीतर उरलंसुरलं ऐकणंही जाईल." मामी घरी बसायला तयार नव्हती आणि तिच्याशिवाय बोट चालवायची कल्पनाच मामाला सहन होईना. म्हणून आम्ही तिघं सौरऊर्जेवरची बोट बघायला गेलो.

विक्रेत्याने छपरावरची पॅनेलं दाखवली, बाकाखालच्या बॅटऱ्या दाखवल्या. "एका चार्जिंगवर दहा फेऱ्या," तो म्हणाला. आमच्या दिवसाला दहा फेऱ्या ठरलेल्या. एक जरी कमी पडली तरी सौदा बाद. तो धक्क्यावर थांबला, आम्ही बोट पाण्यात नेली. मोटर चालू आहे हेच मामाला पटेना. पुन्हा पुन्हा बटण दाबून त्याने ती दोनदा बंद पाडली.

मग त्याने सवयीप्रमाणे मामीला गुपित सांगितलं. "अगं, हा थापा मारतोय! सहा झाल्या तरी खूप! पण बोट मला आवडलीय, त्याला कळू देऊ नकोस!"

"नाही कळू देत!" मामी तेवढ्याच जोरात ओरडली.

मी तोंड लपवलं. धक्क्यावर विक्रेता पोट धरून हसत होता.

आम्ही परतल्यावर त्याने स्वतःचे कान पकडले. "खरं सांगतो काका, अशी पळवलीत तर सातच होतील. निम्म्या वेगाने चालवा, मग दहा. ढगाळ दिवशी मात्र मधे प्लगला लावावी लागेल."

मामाचा चेहरा पडला. सावकाश जाणं त्याच्या रक्तातच नाही. तो मामीकडे बघत राहिला. "बरं, सावकाश तर सावकाश," तो म्हणाला.

आता फेरीला दुप्पट वेळ लागतो. उतारू कुरकुरतात आणि मग निवांत गप्पा मारतात. पहिल्या दिवशी मी मामीशेजारी बसलो होतो. पाण्याच्या मधोमध आल्यावर मामाने सुकाणूवरून मान न वळवता, चारचौघांसारखं हळूच विचारलं, "दमलीस का गं?"

तिला पुन्हा सांगावं म्हणून मी वळलो.

"नाही हो," मामी तिकीट फाडत म्हणाली.