वंदना उलट्यांनी गेली

वंदना आज सकाळी गेली. उलट्या होऊन.

तिच्या नवऱ्याला, सुरेशला, मी फोनवर दोनदा विचारलं, "नक्की?"

वडप्याच्या गोडाऊनमध्ये ती पॅकिंगला होती. माझ्या नारपोलीच्या दवाखान्यात पहिल्यांदा आली ती सुरेशच्या खांद्याला धरून. मळमळ, वजन उतरलेलं, बीपी लो. आधी बरेच डॉक्टर करून झालेले. कुणी अ‍ॅसिडिटी म्हणालं, कुणी टेन्शन.

मलाही काही सुचेना. सोडियम तेवढं कमी, बाकी रिपोर्ट ठीक.

उठता उठता ती म्हणाली, "मॅडम, मी उन्हात जात न्हाय, तरी काळी का पडतेय?"

मी तिचे तळहात बघितले. रेषा काळ्या. हिरड्यांवरही डाग.

अ‍ॅडिसन्स. मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी बंद पडलेल्या. जगायला लागणारं स्टेरॉइड अंगात तयारच होत नव्हतं.

टेस्ट केली, गोळ्या सुरू केल्या. पुढच्या वेळी माझा जिना ती एकटी चढून आली. "काल भाकरी मागून घेतली, मॅडम."

शेजारणी म्हणायच्या, स्टेरॉइड वाईट, सोडून दे.
ती म्हणायची, "तुमच्या अंगात बनतंय. माझ्या न्हाय बनत, मी काय करू?"

कधीच गोळी चुकवली नाही.

धोका एकच होता. उलटी झाली, गोळी पोटात टिकली नाही, तर लगेच स्टेरॉइडचं इंजेक्शन. ते कसं द्यायचं, हे दोघांनाही शिकवलं होतं.

काल ती पडघ्याला भावाकडे पूजेला गेली. इंजेक्शन घरीच राहिलं. सुरेश ट्रक घेऊन नाशिकच्या पुढे.

तिथे उलट्या सुरू झाल्या. भाऊ-वहिनीने मीठ-साखरेचं पाणी पाजलं. उलट्याच तर आहेत, थांबतील.

आज हॉस्पिटलला नेईपर्यंत बीपी लागत नव्हतं.

सुरेश म्हणाला, "ती सारखी सांगत व्हती म्हणे, मला सुई मारा, सुई मारा. त्यांना वाटलं, गुंगीत बरळतेय."

फोन ठेवला आणि ओपीडी बंद केली. बाहेर पेशंट बसले होते. काय सांगून घरी पाठवलं, आठवत नाही.

संध्याकाळी सुरेशला विचारलं, हे लिहू का?

"लिवा मॅडम. लोकांना कळू दे. पन तिच्या भावाला कुनी बोल लावू नका. तो सकाळपासून जेवला न्हाय."

वंदना, भरल्या मनाने तुला निरोप.