दाराशेजारचे पंजे

रंगाच्या डब्याचं झाकण उघडलं आणि त्या वासानं धायरीच्या याच घराची, माझ्या बारावीच्या सुट्टीतली एक दुपार आठवली. बाबा शिडीवर होते, मी खाली. भराभर रोलर फिरवताना मी दाराशेजारचे आईचे पंजेही रंगवून टाकले. वास्तुशांतीला तिनं कुंकवात हात बुडवून ते उमटवले होते. बाबा शिडीवरून उतरून माझ्याशेजारी येऊन उभे राहिले. आई बाहेर आली, भिंतीकडे बघून म्हणाली, “सुतक असल्यासारखे काय उभे आहात दोघं? हात शाबूत आहेत माझे.” तिनं ताटलीत कुंकू कालवलं आणि ओल्या रंगावरच दोन्ही पंजे दाबले. आज मी एकटाच रंगवतोय. रोलर बाजूला ठेवून, बारीक ब्रशनं त्या पंजांच्या कडेकडेनं. आता चुकलो, तर कुंकू कालवायला घरात कुणी नाही.